दोन्ही घरं सारखीच

"लिव," आबा रेडेकर म्हणाले आणि माझ्या समोरच्या खुर्चीत असे काही बसले, की पत्र पुरं होईपर्यंत ते काही उठणार नाहीत हे मला कळून चुकलं. "मडमेला लिव, की बाई, तू आमच्यातच उतर. आमच्यात कमोड हाय."

"कमोड आहे असं लिहू?"

"पहिल्या ओळीत."

तेव्हा आजऱ्याच्या बाजारपेठेत माझी टायपिंगची संस्था होती. पुढे ओळीने टाइपरायटर, आणि मागे फुलाफुलांच्या पडद्याआड तालुक्याचं नवं कौतुक, एक कॉम्प्युटर. इंटरनेट जोडताना तो बराच वेळ किंचाळायचा आणि ते ऐकायला पोस्टातले लोकही यायचे. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेला. त्यामुळे कुणाचं इंग्रजी कुठेही अडलं, की गाडी माझ्या दारात. कर्जाचा अर्ज असो की दुबईच्या साहेबाला विनंती, "भालचंद्र शिंत्र्याकडं जावा, त्याचं इंग्रजी लई गुळगुळीत हाय," असं लोक सांगत. हे ऐकून मी फुगून जायचो. ते खोटं नाही.

मडमेची मेल आदल्या दिवशीच आली होती. बाई स्कॉटलंडच्या, नाव डॉ. मोराग, काम दगडफुलाचा अभ्यास. कोल्हापूरच्या एका प्राध्यापकांनी त्यांना वेळूखोल गाव सुचवलं होतं, कारण तिथल्या रानात झाडाझाडावर दगडफूल. गावात पाहुणा ठेवण्यासारखी घरं दोनच, दोन्ही रेडेकरांची. तालुक्यात मेलचा पत्ता एकच, माझा. म्हणून बाईंनी दोघा भावांच्या नावाने माझ्या पत्त्यावर विचारलं होतं, की मला महिनाभर राहायचं आहे, तर तुमच्यापैकी कुणाकडे उतरलेलं तुम्हाला आवडेल? मी मेल छापून दोन्ही घरी एकेक प्रत पाठवली होती. एकच प्रत पाठवली असती तर ती फाटली असती.

"दगडफूल म्हंजे आपण चटणीत घालतो ते?" आबांनी विचारलं.

"तेच."

"आणि त्याच्यासाठी ती इमानानं येणार?"

"हो."

"तिच्या गावात किराणा दुकान न्हाई?"

मी समजावायचा प्रयत्न केला. आबांनी हात उडवला. ते सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. त्यांचा हात उडाला की विषय संपायचा. उठता उठता ते दारात थांबले आणि मिशीला हात लावत म्हणाले, "आणि त्ये तुझं... वैजूचं. माझ्या मनात तुझ्याबद्दल काय बी वाईट न्हाई. पत्र नीट जाऊ दे, मग बघू."

माझ्या मनात लाडू फुटला. त्यांच्या मोटरसायकलचा आवाज चौकापलीकडे जातो न जातो, तोच तात्या रेडेकर आत शिरले. म्हणजे ते समोरच्या चहाच्या गाड्यामागे वाट बघत उभे होते.

"आबा येऊन गेला न्हवं? कमोडचं बोलला असंल."

"हो, म्हणजे..."

"लिव. आमच्यात गिझर हाय. थंड देशाची बाई हाय, तिला कमोडपेक्षा गिझरची माया." तात्यांची भाताची गिरणी होती, त्यामुळे ते बोलले की खांद्यावरून थोडा कोंडा उडायचा. "आणि वैजूच्या बाबतीत, मास्तर, तू माणूस भला. पत्र तेवढं नीट जाऊ दे."

आता वैजूचं सांगायला हवं, कारण सगळा जीव तिथेच अडकला होता. वैजयंता ही या दोघांची पुतणी, मधल्या भावाची मुलगी. वडील तिच्या लहानपणीच गेले. वेळूखोलला एकच मोठं अंगण: उगवतीला तात्यांचं घर, मावळतीला आबांचं, आणि मधे वैजू आणि तिची आई. वाटण्या झाल्यापासून दोघा भावांमध्ये सगळं काही दोन-दोन होतं. दोन फाटकं, दोन तुळशी, अंगण झाडायला दोन खराटे. कुत्रा मात्र एकच होता, कारण त्याने वाटणी मान्य केली नव्हती. आबा त्याला टायगर म्हणायचे, तात्या राजा म्हणायचे. तो दोन्ही नावांना शेपूट हलवायचा आणि दोन्हीकडे पोटभर जेवायचा.

कुत्र्याखेरीज दोघांचं सारखंच प्रेम असलेली दुसरी गोष्ट म्हणजे वैजू. ती माझ्याकडे टायपिंग शिकायला आली आणि परीक्षा पास होऊन गेली, तरी अधूनमधून "रिबन कसली वापरता, सर?" असली शंका विचारायला येत राहिली. गावच्या शाळेत शिकवणाऱ्या मुलीला रिबनची काय गरज, हे मला कळत होतं आणि तिलाही कळत होतं. शेवटी मी रीतसर मध्यस्थ घालून मागणी घातली. नेमकं त्याच आठवड्यात गडहिंग्लजकडच्या साखर कारखान्यातल्या एका केमिस्टचंही स्थळ आलं. वैजूचं काहीही ठरवायचं तर दोन्ही काकांचा होकार लागे. आबांना विचारलं की ते म्हणत, "तात्या काय म्हणतो बघा." तात्या म्हणत, "थोरल्याला विचारा." अशाने मी आणि केमिस्ट दोघंही चार महिने लोंबकळत होतो.

तर अशा वेळी मला एक पत्र लिहायचं होतं, ज्यात दोन्ही घरं अगदी काट्यावर तोलल्यासारखी सारखी दिसली पाहिजेत. एका बाजूला तसूभर झुकलं, की एक काका हातचा गेला. मी मनात म्हटलं, भालचंद्रा, एवढी वर्षं शिकलास ते याच दिवसासाठी.

रविवारी मी मसुदा घेऊन वेळूखोलला गेलो. आबा त्यांच्या ओसरीत बाजेवर, तात्या त्यांच्या ओसरीत बाजेवर, आणि मी अंगणात बरोबर मधे, वैजूच्या आईने दिलेल्या स्टुलावर. वैजू दारात बसून घनसाळ तांदूळ निवडत होती. मी इंग्रजी वाक्य वाचायचो आणि मराठीत सांगायचो.

"आदरणीय डॉक्टरबाई, वेळूखोलमध्ये श्री. आबासाहेब रेडेकर आणि श्री. तात्यासाहेब रेडेकर यांची..."

"थांब," तात्या म्हणाले. "त्याचं नाव आधी?"

"थोरला हाय मी," आबा तिकडून म्हणाले.

"थोरला हाईस म्हणून आपल्या भैनीच्या, सखूच्या लग्नातबी तुझं नाव आधी. पत्रिका आठवतीया? तू ठळक टायपात, आणि मी खाली, हळदीच्या डागात. लोकांनी मला विचारलं, तात्या, तुम्हाला बोलावलं न्हवतं व्हय?"

आमच्याकडे लग्नपत्रिकेतल्या नावांचा क्रम हा फार नाजूक मामला. निमंत्रकांत कोण वर, कोण खाली, कुणाच्या नावाआधी 'श्री.' राहिला, यावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद झालेली घरं मला माहीत होती. पण एका स्कॉटिश बाईला लिहिलेल्या पत्राचीही पत्रिका होईल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग तात्यासाहेबांचं नाव आधी घेऊ आणि आबांचं नंतर, पण आबांना 'सुभेदार' लावू," मी म्हणालो.

"मग मला काय लावणार?"

"गिरणीमालक."

"सुभेदारापुढं गिरणीमालक फिकं वाटतंय," तात्या म्हणाले.

नावं काढून टाकली. 'पूर्वेचं घर आणि पश्चिमेचं घर' असं केलं, तर आबांनी विचारलं की पूर्वच आधी का. सूर्य तिकडून उगवतो, असं मी म्हणालो. "सूर्य आता तात्याच्या बाजूनं झाला व्हय?" ते म्हणाले. दिशा काढल्या. मग कमोड. कमोड लिहिला तर गिझर लिहायला हवा आणि गिझर लिहिला तर आधी कुठलं, हा प्रश्न परत तिथेच. दोन्ही काढले. थोरल्या काकूंचा हातखंडा तांबडा रस्सा काढला, कारण धाकट्या काकूंचा पांढरा रस्सा त्याच्या मागे यायला तयार नव्हता. 'आनंद होईल' हे मी घातलं होतं. त्यावर आबा म्हणाले, कुणाला जास्त होईल ते स्पष्ट कर. म्हणून आनंदही काढला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पत्रात एवढंच उरलं: "आपली मेल मिळाली. गावात राहण्यायोग्य दोन घरं आहेत. दोन्ही घरं सारखीच आहेत. कुठंही उतरलात तरी आमचं काही म्हणणं नाही."

मी ते मोठ्याने वाचलं. आबांनी मान डोलवली. तात्यांनी मान डोलवली. दोघांनी एकाच वेळी एकाच गोष्टीला मान डोलवल्याचं पाहून वैजूची आई पदराने डोळे टिपायला लागली. मला तर वाटलं, अशी तागडी इंग्रजीत आजवर कुणी धरली नसेल.

"सर," वैजू तांदळातून मान वर न काढता म्हणाली, "पण यात 'या' असं कुठं लिहिलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाईंना या म्हटलंय का कुठं? सगळं सारखं सारखं केलंत, पण बोलावलंतच नाहीत."

"अहो, येण्याचं तर गृहीतच आहे," मी हसलो. "इंग्रजीत थोडक्यात लिहिण्याची पद्धत असते."

वैजूने एक खडा उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि तो लांब भिरकावला. संध्याकाळी मी मेल पाठवून दिली.

दोनच दिवसांत बाईंचं उत्तर आलं. मी ते तीनदा वाचलं. लिहिलं होतं फार गोड. कळवल्याबद्दल मनापासून आभार, तुमची अडचण मी समजू शकते, अनोळखी पाहुणा महिनाभर कुणालाही जडच होतो, तुमच्यावर भार टाकायची माझी इच्छा नाही; मी घाटापलीकडच्या एका लॉजमध्ये खोली घेतली आहे. खाली रेडेकर कुटुंबाला शुभेच्छा.

ते छापून घेऊन मी वेळूखोलला गेलो ते फाशीला चाललेल्या माणसाच्या पावलांनी. अंगणात उभं राहून एकदा वाचलं. कुणालाच खरं वाटेना, म्हणून परत वाचलं.

"म्हंजे ती येत न्हाई?" आबा म्हणाले.

"नाही."

"आमच्यात न्हाई ते कळलं. पण तात्याकडं?"

"कुणाकडेच नाही."

आबा बाजेवरून उठले. अंगण ओलांडून, दोन्ही तुळशींच्या मधून, ते थेट तात्यांच्या ओसरीत गेले आणि तात्यांच्या बाजेवर तात्यांच्या शेजारी बसले. असं वाटण्यांनंतर प्रथमच घडत होतं. दोन्ही काकू दोन्ही दारांत येऊन उभ्या राहिल्या. कुत्रा गोंधळून भुंकला.

"तात्या, थोरलीनं गादीला नवी खोळ शिवली रं."

"आबा, धाकटीनं दगडफुलाचं पोतं भरून ठेवलंय. म्हटलं, बाई येईल तवा तिला हुडकायला नको."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्या दोन चेहऱ्यांत इतकं साम्य आहे हे मला तेव्हाच कळलं.

"एवढं इंग्रजी शिकून," आबा म्हणाले, "एक बाई घरला बोलावता येईना?"

"जो आपल्या घरची बाजू मांडू शकत न्हाई," तात्या म्हणाले, "त्याच्या घरात आपली पोर द्यायची?"

"केमिस्ट बरा," आबा म्हणाले.

"केमिस्टच बरा," तात्या म्हणाले.

चार महिने जे जमलं नव्हतं ते माझ्या एका पत्राने साधलं. दोन्ही काका एकमताने माझ्या विरुद्ध झाले. पण रेडेकर माणसं रीतीची; पोरीला एका शब्दाने तरी विचारायला हवं, म्हणून आबांनी हाक मारली, "वैजू, इकडं ये. दोन स्थळं हायत. मास्तर आणि केमिस्ट. तुला कुठलं चालंल?"

मी वैजूकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता ही बोलेल. रिबनच्या सगळ्या शंका आता उपयोगी पडतील.

वैजूने पदर सारखा केला, खाली पाहिलं आणि म्हणाली, "मला दोन्ही सारखीच."

मी कसाबसा सायकलपाशी गेलो. कुलूप काढायला वाकलो. मागून चपला वाजल्या. "सर, छत्री राहिली," म्हणत वैजू आली. मी छत्री आणलीच नव्हती; ती तिची होती.

"सारखीच?" मी विचारलं. "केमिस्ट आणि मी?"

"दोन्ही स्थळं सारखीच आहेत," ती म्हणाली. "कुणीही आलं तरी आमचं काही म्हणणं नाही."

ते माझंच वाक्य होतं. माझं गुळगुळीत, तोलूनमापून केलेलं वाक्य, जसंच्या तसं. मला ते कानाखाली बसल्यासारखं लागलं.

"कसं वाटलं?" तिने विचारलं.

"वाईट."

"किती?"

"लॉजमध्ये जाऊन राहावंसं वाटलं."

वैजूने ओठ दाबले, पण हसू डोळ्यांतून गळलंच. "मग आता त्या मोरागबाईंना कसं वाटलं असेल ते कळलं का? अहो, दोन्ही सारखीच म्हणजे दोन्ही नकोत, असंही होतं. दोन्हीकडचे लोक तुमच्यासाठी जीव टाकतायत, म्हणून सारखीच, असं सांगायला काय जड होतं?"

"मग... आपलं खरं काय?"

"आधी ते पत्र दुरुस्त करा," ती म्हणाली आणि छत्री परत घेऊन गेली.

मी सायकल अशी दामटली की वाटेत चेन पडली, ती बसवली, परत पडली. संस्थेचं दार लावून घेतलं आणि कुणालाही न विचारता लिहायला बसलो. पहिलाच शब्द 'या' लिहिला. मग धरण फुटावं तसं सगळं लिहिलं. बाई, आमची चूक झाली. इथे दोन भाऊ आहेत आणि दोघांनाही तुम्हीच हव्या आहात. इतक्या हव्या आहात की कुणाचं नाव आधी लिहायचं यावर अर्धा दिवस भांडण झालं आणि शेवटी भांडण मिटवायला मी पत्रातला सगळा जिव्हाळाच काढून टाकला. एकाकडे कमोड आहे. दुसऱ्याकडे गिझर आहे. एकीचा तांबडा रस्सा, दुसरीचा पांढरा. मला विचाराल तर मी दोन्ही वाट्या चाटून पुसून ठेवतो. एका घरात तुमच्यासाठी गादीला नवी खोळ शिवली आहे, दुसऱ्यात दगडफुलाचं पोतं भरून ठेवलं आहे. दोन नावांचा एक कुत्रा आहे. यातलं कुठलं घर निवडाल यात आम्हाला खरोखर फरक नाही, पण तुम्ही आला नाहीत तर फार फरक पडेल. माझं स्वतःचं लग्नही त्यावर अडलं आहे, पण त्याचा तुम्ही विचार करू नका. या.

शेवटचं लग्नाचं वाक्य खोडायला हवं होतं, हे मेल गेल्यावर लक्षात आलं.

उत्तर एका ओळीचं होतं. "लॉज रद्द केला. कुत्र्याला भेटायची फार घाई झाली आहे."

मोरागबाई, म्हणजे गावाच्या तोंडी मोराबाई, आल्या त्या जीपमधून, उंचच्या उंच, पाठीवर केवढं तरी ओझं आणि गळ्यात भिंग. दोन्ही फाटकांच्या मधे दोन हार, दोन आरत्या आणि दोन काकू. दोन्ही हारांना एकदम वाकून मान देणारी बाई मी तेव्हाच पाहिली. आता कुठे शिरणार, म्हणून सगळं गाव श्वास रोखून उभं. बाईंनी मावळतीच्या घराकडे पाहिलं, उगवतीच्या घराकडे पाहिलं, खिशातून माझी मेल काढून पुन्हा वाचली आणि पाठीवरचं ओझं अंगणात टाकलं. त्यातून निघाला तंबू.

"बाई काय कराय लागली?" आबांनी विचारलं.

"मधे राहणार म्हणतायत," मी सांगितलं.

"बरोबर मधे का?" तात्यांनी विचारलं आणि मोजपट्टी आणायला धावले.

मोजमाप झालं, दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोकल्या गेल्या. आबांनी एक दोरी ताणली, तात्यांनी दुसरी. मग रोज सकाळी बाई तंबूतून निघून आबांच्या कमोडला आणि तिथून सबंध अंगण ओलांडून तात्यांच्या गिझरला जायच्या, खांद्यावर टॉवेल टाकून आणि वाटेत सगळ्यांना नमस्कार घालत. दोन्ही भावांनी तोवर आपापल्या ओसरीत ताठ उभं राहायचं, असा नियमच होऊन गेला. कुत्रा मात्र दोन्ही घरं सोडून तंबूच्या दारात झोपायला लागला. त्याचं दोघा भावांना सारखंच वाईट वाटलं आणि त्या दुःखात ते एकमेकांशी बोलायला लागले.

पहिल्याच रविवारी अंगणात पंगत बसली. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, घनसाळचा भात. बाई डोळ्यांतून पाणी काढत, नाक ओढत जेवत होत्या. मधेच त्यांनी रश्श्यातून काहीतरी चिमटीत उचललं आणि भिंगाखाली धरलं. चटणीतलं दगडफूल होतं. बाईंनी ते कागदात बांधून ठेवलं. धाकट्या काकूंना वाटलं, बाईंना खडा लागला. थोरल्या काकूंना वाटलं, लागला ते बरं झालं.

मी बाईंच्या शेजारी दुभाषा म्हणून बसलो होतो. माझ्या बाबतीत काकांचं मन अजून वितळलं नव्हतं. केमिस्टकडे होकार कळवायचं पुढल्या गुरुवारी ठरलं होतं. वैजू वाढत होती. बाईंनी तिच्याकडे बोट करून मला इंग्रजीत विचारलं, "तुम्ही लिहिलं होतं ते लग्न हिच्याशी का? आणि हिला काय पाहिजे?"

मी हातातला घास पानात ठेवला.

"काय म्हंतीया?" तात्यांनी विचारलं.

"वैजूच्या लग्नाचं विचारतायत. तिला काय पाहिजे, म्हणतायत."

"सांग की," आबा म्हणाले. "दोन स्थळं हायत म्हणावं. आणि पोरीला दोन्ही सारखीच."

मला तेवढंच वाक्य इंग्रजीत सांगायचं होतं. साधं वाक्य. शिकवणीला येणाऱ्या पोरांनीही केलं असतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं. तालुक्याचं गुळगुळीत इंग्रजी भर पंगतीत थांबलं. मला ते म्हणवेना.

"अडलं का, सर?" वैजूचा आवाज आला. ती भाताची परात काखेत आणि पळी हातात घेऊन माझ्या पानासमोर उभी होती.

"अडलं."

"मग राहू दे. खोटंच आहे ते." ती काकांकडे वळली. "आबा, तात्या, दोन्ही सारखी न्हाईत. मला हे पाहिजेत." आणि तिने पळी माझ्याकडे रोखली. पळीतली शितं माझ्या सदऱ्यावर पडली. मी ती झटकली नाहीत.

कुत्र्यानेसुद्धा हाड चघळणं थांबवलं.

"मग त्या दिवशी सारखीच म्हटलीस ती?" आबा म्हणाले.

"त्या दिवशी तुम्ही विचारलं, तुला कुठलं चालंल? चालायचं काय, आबा, चालवून घेतलं असतं. मला काय पाहिजे हे ह्या घरात कुणी विचारलं न्हवतं. आज बाईंनी विचारलं."

कुणी काही भाषांतर केलं नव्हतं, पण मोराबाईंनी रश्श्याचे हात तसेच वर करून टाळ्या वाजवल्या. आबांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी आबांकडे पाहिलं.

"माझं काय म्हणणं न्हाई," आबा म्हणाले.

"माझंबी काय म्हणणं न्हाई," तात्या म्हणाले.

"तसं नको," वैजू म्हणाली. "म्हणणं असू द्या. होय म्हणा."

दोघं एका दमात "होय" म्हणाले. वैजूची आई रडायला लागली, काकूंनी एकमेकींना धरलं, आणि मी, एम. ए. झालेला माणूस, पानावर मान खाली घालून भातात आसवं गाळत बसलो. तेवढ्यात तात्या म्हणाले, "मी आधी म्हटलो." आबा म्हणाले, "माझं निम्मं झालं तवा तू चालू झालास." हा वाद बाई जाईपर्यंत मिटला नाही.

पत्रिकेवरून अर्थातच रणकंदन झालं. शेवटी निमंत्रकांची नावं आम्ही गोलात छापली, चहाच्या बशीच्या कडेसारखी. पत्रिका जशी फिरवाल तसं पहिलं नाव बदलत जाईल. छापखानेवाल्याने माझ्याकडून दुप्पट पैसे घेतले आणि परत त्याच्या छापखान्यात यायचं नाही, असं बजावलं. आबा घरोघरी पत्रिका देताना ती एका बाजूने धरायचे, तात्या दुसऱ्या. गोलाच्या तळाशी एकाच ओळीत टायगर आणि राजा अशी दोन्ही नावं होती. आणि गोलाच्या मधोमध, सगळ्यात मोठ्या टायपात, वैजयंताने छापखान्यात स्वतः उभं राहून एक शब्द घालून घेतला होता: 'या'.

तेवढाच शब्द मी इंग्रजीत करून स्कॉटलंडला पाठवला. मोराबाई आल्या.